दशावताराचं रात्रभराचं चित्रीकरण, कॅनन ८०डी आणि झूम एच५: एडिटला बसण्याआधी काय ठरवावं?

कुडाळी:
सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी नाटक कंपनीवर ५० मिनिटांचा माहितीपट करतोय. शूट संपलंय. साठा असा: कॅनन ८०डी, १०८०, २५ फ्रेम, आयपीबी एमपी४, एकूण ४५ तास. त्यात सहा प्रयोग पूर्ण रात्रीचे, बाकी मुलाखती, रंगपट, गाडीतला प्रवास. कार्डं सगळी ३२ जीबीची. आवाज झूम एच५ रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पायपेटीच्या बाजूला ठेवून. शिवाय मोबाइलवरचे नऊ तास. मशीन विंडोजचं, १६ जीबी रॅम, एडिटचं सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह, फुकटातलं. क्लिप टाइमलाइनवर टाकली की अडखळते.
सगळं आधी प्रोरेस किंवा डीएनएक्समध्ये (एडिटला सोपे, पण आकाराने मोठे फॉरमॅट) बदलून घ्यावं का? आणि रात्रभराचा आवाज व्हिडिओच्या तुकड्यांशी कसा जुळवायचा? संवाद ऐनवेळचे असतात, त्यामुळे लिखित संहिता नाही.

टाइमलाइनवाला:
सगळं बदलू नका. आधी आकडे बघा. ८०डीचं आयपीबी २५ फ्रेमला साधारण ३० मेगाबिट, म्हणजे तासाला साडेतेरा जीबी. ४५ तासांचे ६०० जीबीच्या आसपास. तेच प्रोरेस ४२२ केलंत तर १२२ मेगाबिट, तासाला ५५ जीबी, म्हणजे अडीच टीबी. आणि मूळ फाइल ८ बिट ४:२:० आहे, म्हणजे रंगाची माहिती मुळातच कमी साठवलेली, ती फुगवून रंगाची एक छटाही वाढत नाही. अडखळण्याचं कारण फाइलचा आकार नाही. आयपीबीमध्ये बऱ्याचशा फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून बांधाव्या लागतात, त्यात प्रोसेसर दमतो. म्हणून प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती हलकी प्रत. पण ती १०८० ची केलीत तर मूळ फाइलपेक्षा मोठी होईल. अर्धं रिझोल्यूशन, ९६०×५४०, डीएनएक्सएचआर एलबी. ४५ तासांचे साधारण २०० जीबी होतात, ते यूएसबी ३ एसएसडीवर ठेवा.

प्रॉक्सीच्या आधी तीन गोष्टी, याच क्रमाने.

कॉपी: एक्सप्लोररमधून ओढून टाकू नका. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर क्लोन टूल आहे, ते चेकसम पडताळतं, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते बघतं. अख्खं कार्ड एका फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर. तिसरी प्रत दुसऱ्या घरात.

नावं: कॅनन ९९९९ नंतर पुन्हा ०००१ देतो. ४५ तासांत एमव्हीआय_०४१२ नावाच्या दोन फाइली सापडल्या तर नवल नाही, आणि डिस्क बदलून री-लिंक करताना (क्लिपा पुन्हा जोडताना) चुकीची क्लिप गुपचूप बसते. आत्ताच पुढे तारीख आणि कार्ड क्रमांक जोडा. इम्पोर्ट केल्यावर नावाला हात लावायचा नाही.

फ्रेमरेट: प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या २५ करा. मीडिया पूलमध्ये क्लिप आल्यावर तो बदलता येत नाही. चुकून मोबाइलची ३० ची क्लिप आधी टाकलीत तर रिझॉल्व्ह ‘प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलू का’ असं विचारतं; तिथे ‘नको’ म्हणा. मोबाइलचा फ्रेमरेट बहुधा कमीजास्त होत राहतो, आवाज हळूहळू सरकतो. त्या क्लिपा आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्या, ३० च ठेवून.

ध्वनिवेडी:
जुळवणीचं उत्तर: कुडाळी दादा, व्हिडिओला आवाज जोडू नका, आवाजावर व्हिडिओ बसवा. रात्रीचं एच५ चं रेकॉर्डिंग ही तुमची मोजपट्टी. एका रात्रीची एक टाइमलाइन, खाली सलग वेव्ह (एच५ ची ध्वनिफाइल). एच५ साधारण दोन तासांनी २ जीबीला नवी फाइल सुरू करतो, त्या टोकाला टोक लावून ठेवायच्या. मग त्यावर क्लिपा ठेवून, सगळं निवडून ‘ऑटो अलाइन’, वेव्हफॉर्मच्या आधारे.

तुकडे दोन प्रकारचे असतील, ते वेगळे ओळखा. ३२ जीबीचं कार्ड फॅट३२ असतं, म्हणून ४ जीबीला फाइल तुटते. तुमच्या सेटिंगला साधारण १९ व्या मिनिटाला. तिथे चित्रीकरण चालूच असतं, पुढची फाइल लगेच लागते. दुसरा तुकडा २९ मिनिटं ५९ सेकंदांचा. तिथे कॅमेरा खरोखर थांबतो आणि कोणी बटण दाबेपर्यंतचं चित्र नसतंच. ही भगदाडं आत्ताच लाल मार्करने दाखवा. नेमकं संकासुराचं पात्र तिथे येत असेल तर मोबाइलचा शॉट लागेल.

ड्रिफ्टची, म्हणजे आवाज आणि चित्र हळूहळू सरकत जाण्याची, भीती इथे कमी आहे. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत २० भागांचा फरक धरला तर तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. पण क्लिपच अर्ध्या तासाहून लांब नाही आणि प्रत्येक स्वतंत्र जुळते, त्यामुळे चूक एका फ्रेमच्या आत राहते. सगळ्या क्लिपा एकत्र जोडून मग एकदाच जुळवल्यात तर मात्र पहाटेपर्यंत ओठ सुटतील.

एक गोष्ट सॉफ्टवेअरला कळत नाही. कॅमेरा प्रेक्षकांच्या मागे, एच५ पायपेटीजवळ. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटरवर कॅमेऱ्याच्या माइकला तो एक फ्रेम उशिरा पोचतो. वेव्हफॉर्म अगदी तंतोतंत जुळतो आणि तरी आवाज चित्रामागून येतो. झांजेचा एक ठोका फ्रेम फ्रेम बघा: दोन्ही टाळ एकमेकांना लागले ती फ्रेम आणि वेव्हमधलं टोक. फरक दिसला तर त्या जागेवरच्या सगळ्या क्लिपा एक फ्रेम उजवीकडे सरकवा.

कुडाळी:
ताई, हे भारी. मागून घेतलेल्या सगळ्या क्लिपांत असंच काहीतरी खटकत होतं. आता संवादांचं काय? मालवणी, तेही ऐनवेळचं.

ध्वनिवेडी:
जुळलेल्या टाइमलाइनवरून छोटी एमपी४ काढा, ‘डेटा बर्न-इन’ने टाइमकोड चित्रावर छापून. प्रत्येक रात्र शून्यापासून. लिहून घेणाऱ्याला ही फाइल द्या, मूळ क्लिपा नकोत. तक्त्यात रकाने चारच: रात्र, टाइमकोड, पात्र, वाक्य. मालवणीला मशीनच्या लिप्यंतरावर विसंबू नका. गावातलाच माणूस बसवा. कागदावर कापाकापी झाली की मगच टाइमलाइन कापायची.

नोड:
रंगाबद्दल थोडं. फुकटच्या रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन आणि डीफ्लिकर नाहीत, ती स्टुडिओ आवृत्तीत आहेत. रात्रीचं फुटेज उच्च आयएसओचं असणार आणि प्रयोग जनरेटरवर झाला असेल तर पट्टे दिसतील: १/५० शटर ५० हर्ट्झच्या विजेला जुळतो, पण छोट्या जनरेटरची वारंवारता भार बदलला की हलते. ४५ तासांवर हे करत बसू नका. पिक्चर लॉकनंतर (कापाकापी पक्की झाल्यावर) फक्त वापरलेल्या शॉट्सवर, आणि नॉइज रिडक्शन पहिल्या नोडला (रंगकामाच्या पहिल्या टप्प्याला), ग्रेडच्या आधी. राजाचा लाल अंगरखा ८ बिटमध्ये करपला असेल तर तो परत येत नाही. तिथे सॅच्युरेशन कमी करून सुटका करून घ्यायची.

टाइमलाइनवाला:
आणि सबटायटल्स. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला असेल तर आधी युनिकोड करा, एसआरटी (सबटायटलची फाइल) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. रिझॉल्व्हच्या जुन्या आवृत्त्यांत टेक्स्ट+ हे शीर्षकांचं टूल देवनागरीची जोडाक्षरं फोडतं, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. साधं ‘टेक्स्ट’ वापरा. फॉन्ट मुक्ता चालेल. आधी एका ओळीत ‘ऱ्हस्व, कीर्ती, स्थिती, मृदंग’ एवढं लिहून एक्सपोर्ट करून बघा. ते नीट आलं की पुढचं बहुतेक येतं.

कुडाळी:
महोत्सवासाठी डीसीपी (थिएटरमध्ये दाखवायची फाइल) लागेल. २५ चालेल?

टाइमलाइनवाला:
बहुतेक सर्व्हर २५ वाजवतात, पण महोत्सवाला आधी विचारा. २४ च मागितलं तर फ्रेम गाळायला लावू नका, सगळा सिनेमा ४ टक्के हळू करा: ५० मिनिटांची ५२ मिनिटं ५ सेकंद. आवाजाची पट्टी मात्र सॉफ्टवेअरने मूळवर आणून घ्या, नाहीतर पायपेटी जवळजवळ पाऊण स्वरांतराने उतरेल.

ध्वनिवेडी:
‘अर्ध्या स्वराच्या पाऊणपट’ म्हणा. काळी दोनची पायपेटी पांढरी दोनकडे सरकलेली पेटीवाल्याला पहिल्या चार सुरांत कळेल.