राष्ट्रगीताला उभं राहणं पुरेसं आहे, की ओठही हलायला हवेत?

फळा_आणि_खडू (धागाकर्ती)

१९९१ सालची गोष्ट. शाळेचं नाव घेत नाही. परिपाठ चालू होता. सातवीच्या रांगेत माझ्या वर्गातला एक मुलगा सावधानमध्ये ताठ उभा होता, पण ओठ मिटलेले. पीटीच्या सरांनी ते हेरलं. त्याला पुढे बोलावून सगळ्या शाळेदेखत एकट्याला 'जन गण मन' म्हणायला लावलं. तो नुसताच उभा राहिला. मग मधल्या सुट्टीपर्यंत त्याला उन्हात उभं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातलं कुटुंब. ती शांतपणे एवढंच म्हणाली, "झेंड्याचा अपमान करायला आम्ही त्याला शिकवलेलं नाही. पण स्तुतीचं गाणं तो फक्त देवापुढे म्हणतो." मी वर्गशिक्षिका होते. एक शब्द बोलले नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की या प्रश्नाचा निकाल त्याच्या पाच वर्षं आधीच लागलेला होता आणि आमच्या स्टाफरूममध्ये तो कुणालाच ठाऊक नव्हता. केरळमध्ये जुलै १९८५ मध्ये बिजो, बिनू मोल आणि बिंदू इमॅन्युएल या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. तीही उभी राहत, फक्त गात नसत. केरळ उच्च न्यायालय म्हणालं, या गीतात कुणाचा धर्म दुखावेल असा एकही शब्द नाही. वाचायला किती रास्त वाटतं! पण ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रश्न तो नाहीच. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का, हे न्यायालयाने बघायचं नसतं. ती मनापासून बाळगलेली आहे का, एवढंच बघायचं असतं. मुलं आदराने उभी होती, ते पुरेसं होतं. त्यांना शाळेत परत घ्या, असा आदेश झाला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी निकालाच्या शेवटी लिहिलं आहे की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते आणि आपलं संविधान ती आचरणात आणतं, तिच्यात पाणी घालू नका.

माझं मत सरळ आहे. देश माझ्याकडून आदर मागू शकतो, गाणं मागू शकत नाही. 'जन गण मन'बाबत हे खरं असेल, तर जिथे देवीचं नावच येतं त्या 'वंदे मातरम्'बाबत ते दुप्पट खरं आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

खडकमाळ

बाई, मुलाला उन्हात उभं करणं चूक, त्याबद्दल वाद नाही. बाकी असहमत.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. पलटणीत सर्वधर्म स्थळ असतं, एकाच छपराखाली सगळ्यांचे देव. अधिकारी ज्या जवानांचा, त्यांच्या देवळात तो जातो. कुठल्या धर्माचा आहेस, हे तिथे कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय केलं तेही सांगा. गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याला सेवेतून काढल्याचा निर्णय कायम ठेवला. म्हणजे श्रद्धा मनापासूनची असली की प्रत्येक वेळी सूट मिळते, असं नाही.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. दिवसातली ही ५२ सेकंदं अशी, की त्यात डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका सुरात असतात. आज एकाने ओठ मिटले, उद्या दहा जण मिटतील, आणि त्या दहांतल्या नऊ जणांना श्रद्धेशी काही देणंघेणं नसेल. मग शिक्षकाने काय करायचं? प्रत्येकाचं मन तपासायचं?

---

फळा_आणि_खडू

@खडकमाळ, सैन्याला संविधानाचं ३३वं कलम लागू होतं. सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा तिथे संसदेला मुद्दाम दिलेली आहे. तुमच्या वडिलांनी सही करून, शपथ घेऊन तो गणवेश चढवला. सातवीतल्या पोराला आपण जबरदस्तीने शाळेत बसवतो. दोघांना एका मापाने मोजता येणार नाही.

आणि नऊ जणांचं म्हणाल, तर ३१ वर्षं परिपाठ घेतलाय मी. कंटाळलेली पोरं गप्प राहत नाहीत, पुटपुटतात. ओठ मिटून ताठ उभं राहायला फार बळ लागतं.

---

झिंझोटी

मला 'जन गण मन'पेक्षा 'वंदे मातरम्'बद्दल बोलायचं आहे, कारण हा घाव आम्हा गाणाऱ्यांचा आहे.

१८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते रवींद्रनाथांनी स्वतः गायलं. १९२३ साली काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना मोहम्मद अलींनी हरकत घेतली, तरी आपल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी गाणं अर्धवट सोडलं नाही. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी त्याला झिंझोटी रागात चाल बांधली, बँडवर वाजेल अशी बसवून दाखवली आणि ते राष्ट्रगीत व्हावं म्हणून दिल्लीपर्यंत पायपीट केली. पण त्याआधीच, १९३७ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणीने ठरवलं होतं की सभांमध्ये पहिली दोनच कडवी गायची. कविता म्हणजे कापडाचा तागा नव्हे, हवा तेवढा फाडून घ्यायला. वगळलेल्या भागातलं 'त्वं हि दुर्गा' ही पूजा नाही, रूपक आहे. देशाचं सामर्थ्य दहा हातांत शस्त्रं घेऊन उभं राहतं, एवढाच त्याचा अर्थ.

बांगलादेशाकडे बघा. मुस्लीमबहुल देश, आणि राष्ट्रगीतात भूमीला 'ओ मा' अशी हाक. त्यांचा धर्म कुठे बुडाला?

---

खाडीकाठ

@झिंझोटी, मी रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान. मास्टर कृष्णरावांची चाल मलाही आवडते. म्हणून न चिडता लिहिते.

बांगलादेशाचं उदाहरण तुमच्या नव्हे, माझ्या बाजूचं आहे. अडचण 'आई'ची कधीच नव्हती. आमच्या घरातही मातीला आई म्हणतात. 'सुजलाम् सुफलाम्' मी शाळेत म्हटलंय, गळा भरून म्हटलंय. पण 'दशप्रहरणधारिणी', दहा हातांत शस्त्रं धरणारी दुर्गा, आली की ती नुसती आई राहत नाही. ती मूर्ती होते, आणि मूर्तीपुढे मान झुकवणं माझ्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, बसत नाही. तुमच्यासाठी ते रूपक असेल. ज्याच्या घरी दुर्गा पुजली जात नाही त्याला ते रूपकच आहे असं पटवून द्यायचं, हा उलटा न्याय झाला. १९३७ मध्ये हाच भेद ओळखून पहिला भाग ठेवावा असं सुचवणारे रवींद्रनाथच होते, ज्यांनी ते गीत सर्वांआधी काँग्रेसमध्ये गायलं. त्यांना कवितेची जाण नव्हती का?

पण बाई, तुमच्याशीही माझं जमत नाही. तुम्ही सूट देऊ म्हणता. मला सूट नको. सूट मिळालेलं पोर सगळ्या मैदानात उठून दिसतं. तुमचा तो सातवीतला मुलगा उन्हात नसता, सावलीत असता, तरी चारशे डोळे त्याच्यावर असतेच. मला असं गीत हवं की सूट मागायची वेळच येऊ नये. त्या दोन कडव्यांचा तोडगा म्हणूनच मोलाचा आहे. तो तुष्टीकरण नव्हता. सगळ्यांना एकत्र म्हणता यावं म्हणून काढलेली ती वाट होती.

---

ऑकलंडकर

इथला अनुभव. न्यूझीलंडचं राष्ट्रगीत ही देवाची प्रार्थनाच आहे, आणि आधी म्हटल्या जाणाऱ्या माओरी कडव्याची सुरुवातच 'इहोवा' या नावाने होते. म्हणजे यहोवाच. माझी मुलगी शाळेत ते म्हणते आणि घरी येऊन गणपतीपुढे दिवा लावते. आम्ही इथे मूठभर आहोत, तरी कधी हरकत घ्यावीशी वाटली नाही. दुसऱ्याच्या देवाचं नाव घेतल्याने आपला देव रुसत नाही, असं माझ्या आजीने शिकवलंय. इतकं मनाला लावून घेऊ नये, असं प्रामाणिकपणे वाटतं.

---

खाडीकाठ

@ऑकलंडकर, तुमच्या आजीचं शिक्षण सुंदर आहे, पण ते तुमच्या आजीचं आहे. अनेक देवांत एक देव वाढला तर तुम्हाला चालतं. ज्यांचा देव एकच आहे त्यांना नाही चालत. तुमची मुलगी म्हणते, कारण तिला म्हणावंसं वाटतं. उद्या तिने नको म्हटलं तर तिच्या बाईंनी काय करावं, तेवढं सांगा.

---

अश्दोदहून

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आजोबा रेवदंड्याचे, आम्ही शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. भायखळ्याच्या शाळेत मी 'जन गण मन' म्हणत मोठी झाले. आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारी, पण म्हणून कुणी बोट दाखवल्याचं आठवत नाही. आता चाळीस वर्षं इस्राएलमध्ये आहे.

इथलं राष्ट्रगीत 'हातिक्वा'. त्यात 'नेफेश येहुदी', म्हणजे ज्यू जीवाची तळमळ, असे शब्द आहेत. ते ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. पण देशाचे साधारण एक पंचमांश नागरिक अरब आहेत. त्यांनी कुठल्या तोंडाने म्हणावं की आमच्या ज्यू जीवाची तळमळ आहे? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे अरब न्यायमूर्ती सलीम जुब्रान एका समारंभात 'हातिक्वा'ला उभे राहिले, पण त्यांनी ते गायलं नाही. काही खासदारांनी केवढा गहजब केला! माझ्या वॉर्डातली अरब नर्सही तशीच, हात बांधून, समोर बघत उभी राहते. पहिली काही वर्षं मला तिचा राग यायचा. मग एकदा मनात आलं, भायखळ्याच्या शाळेत माझ्या तोंडी दुसऱ्या कुणाच्या धर्माची तळमळ घातली असती, तर मीही अशीच उभी राहिले असते.

गीत बदलू नका असं मला वाटतं. आमच्या लोकांनी छळछावण्यांत ते म्हटलंय. @खाडीकाठ, तुझं म्हणणं कळतं गं, पण प्रत्येक गीत सगळ्यांचं होऊ शकत नाही. अशा वेळी न गाणाऱ्याला शांतपणे उभं राहू देणं, एवढंच हातात उरतं.

---

झिंझोटी

@खाडीकाठ, रवींद्रनाथांचा मुद्दा मान्य. कापलेल्या गीताचं दुःख तरीही राहणार, ते माझं मला असू दे. एक मात्र लिहून ठेवतो. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी 'वंदे मातरम्'ला राष्ट्रगीताइतकाच मान राहील असं संविधान सभेत जाहीर केलं. मान म्हणाले ते, सक्ती नव्हे. कुणाच्या मानगुटीवर बसून गाऊन घेतलेली झिंझोटी मलाही ऐकवणार नाही.

---

खडकमाळ

सगळं वाचलं. माझं मत तेच आहे. शाळेत सगळ्यांनी म्हणावं, आणि शिक्षकांनी ते समजावून सांगून म्हणवून घ्यावं. समजावून, दटावून नव्हे. नियमच नसेल तर समजावण्यालाही काही आधार राहत नाही.

बाई, एक विचारायचं राहिलं. त्या मुलाचं पुढे काय झालं?

---

फळा_आणि_खडू

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आईने दाखला काढून नेला. कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर' लिहिलं होतं. ते अक्षर माझंच आहे. घर त्यांनी बदललेलं नव्हतं, शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं.