आत्याच्या वारीवर फिल्म करायचीय, टीम कशी निवडू?

सासवडकरीण

नमस्कार मंडळी. मी सासवडला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. फिल्मबिल्ममधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझी आत्या कराड तालुक्यातल्या एका दिंडीबरोबर माऊलींच्या पालखीला २३ वर्षं जातेय. मधली २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं सोडून, तेव्हा पादुकाच एसटीनं पंढरपूरला गेल्या. चालणाऱ्यांत ती नसते, दिंडीच्या स्वयंपाकात असते. पहाटे दोनला उठून सव्वादोनशे माणसांचा चहा, मग नाश्ता, मग भांडी-पातेली ट्रकात टाकून दिंडीच्या आधी पुढच्या ठिकाणी. दिंडी दुपारी पोचते तेव्हा पिठलं-भाकरी तयार. टीव्हीवर दरवर्षी दिवे घाट दिसतो, रिंगणातला अश्व दिसतो. चुलीकडे कॅमेरा फिरकलेला मी आजवर बघितला नाही. आत्याचे गुडघे आता गेलेत, पुढच्या आषाढीची वारी शेवटची असं ती म्हणते. (गेली चार वर्षं म्हणतेय, पण यंदा आवाज वेगळा होता.)

घरच्यांनी मिळून ३ लाख जमवलेत. २५ मिनिटांची फिल्म हवीय. मुक्कामात दिंडीला दाखवायची आणि यूट्यूबवर टाकायची, एवढंच.

तिघांशी बोलणं झालंय.

एक, शहरातला मोठा स्टुडिओ. सात माणसं, दोन कॅमेरे, गिम्बल (कॅमेरा हलू न देणारा दांडा), ड्रोन. चार दिवस शूट, पावणेतीन लाख. शोरील बघून डोळे दिपले, पण त्यात बहुतेक लग्नंच आहेत.

दोन, तिघांचा चमू. एक मुलगी कॅमेऱ्यावर, दुसरी आवाजावर, एक मुलगा बाकी सगळ्याला. आळंदी ते पंढरपूर पूर्ण वेळ येणार, एडिटिंग धरून २ लाख ६० हजार. दाखवायला दोनच कामं, त्यातलं एक ऊसतोडीवरचं आहे. फार चकचकीत नाही, पण मी शेवटपर्यंत बघितलं.

तीन, मामेभाऊ. त्याच्याकडे महागाचा फोन आहे आणि तो फुकट करतो म्हणतोय.

घरात मत पहिल्याकडे झुकलंय. 'एकदाच करायचंय तर नीट करू' म्हणतात. मला ठरवता येईना. कुणाला काय विचारायचं तेही कळत नाही.

बूमवाला

ताई, मी १४ वर्षं साऊंड रेकॉर्डिस्ट आहे. तेव्हा माझं मत आवाजाकडेच झुकणार, हे धरून वाचा.

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जाहिरातीच्या कामासाठी नऊ जणांबरोबर वारीत गेलो होतो. मी धरून नऊ. त्यातले पाच कॅमेऱ्याच्या भोवती. पहिल्याच दिवशी ठरलं की साऊंडचं नंतर बघू, म्युझिक तर टाकायचंच आहे. वाल्ह्याच्या तळावर, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या जागी, मला बूम (लांब काठीवरचा माइक) घेऊन बाजूला उभं केलं, कारण फ्रेममध्ये काठी दिसत होती.

आता तळावर काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल, सासवडचा मुक्काम तुमच्या दारातला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी लिहितो. समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप (दंड) वर करतो, 'होऽऽ' असा पुकारा होतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकतो. त्या दिवशी सगळीकडे चिडीचूप आणि लांब कोपऱ्यात एका दिंडीचे टाळ सुरू. माझ्या अंगावर काटा आला.

आणि ते आमच्याकडे नाही. कॅमेऱ्याचा माइक ऑटो गेनवर होता. कल्लोळ चालू असताना त्यानं आवाज आपोआप दाबला, आणि शांतता होताच आपोआप वर ओढला. एडिटला ऐकलं तर त्या शांततेच्या जागी नळाला पाणी नसताना येतो तसला फुसफुसाट, आणि आमच्याच असिस्टंटचं 'बॅटरी दे रे'. काढून टाकावं लागलं. वर भजनाची रेकॉर्ड लावली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की साऊंडचा माणूस आधी ठरवा आणि उरलेली टीम त्याच्याभोवती बांधा. चित्र थोडं हललं, अंधारलं तरी बघणारा चालवून घेतो. आत्या काय बोलल्या हे कळलं नाही तर तो पुढच्या मिनिटाला फोन खाली ठेवतो. तुमच्या फिल्मचा जीव पहाटे दोनच्या बोलण्यात आहे आणि तिथं तुमचा सगळ्यात मोठा शत्रू आहे जनरेटर. तो कुठं ठेवतात, वायर किती लांब आहे, तासभर बंद ठेवून गॅसबत्तीवर भागेल का, हे ज्याला विचारावंसं वाटतं तो तुमचा माणूस.

तिन्ही ठिकाणी एकच विचारा: 'आत्याला माइक कुठं लावणार?' साडी, पदर, बांगड्या, वर भाकरी थापताना हात सारखा हलणार. कॉलर माइक लावू म्हणून मोकळा झाला तर समजा त्यानं विचार केलेला नाही. बांगड्या काढायला सांगू म्हणाला तर दारातूनच रामराम करा.

उडता_चतुर

मी ड्रोन उडवतो, पोट त्यावरच आहे, तरी सांगतो की तुम्हाला ड्रोन नको. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. स्टुडिओवाल्याला ते दाखवायला सांगा, चेहरा बघण्यासारखा होईल. त्यावर एवढ्या गर्दीच्या डोक्यावर उडवायला पोलिसांची परवानगी. आणि वरून आत्या दिसणार तरी कशा, ताडपत्री दिसेल.

पडद्यामागची

मी कॅमेरा करते. बूमवाले दादांशी सहमत, पण त्यांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे.

ताई, दिंडीत बायकांची राहुटी वेगळी असते. पहाटे दोनला तिथं बायका उठतात, केस बांधतात, टँकरच्या आडोशाला अंघोळ उरकतात, मग चुलीला लागतात. तिथं चार पुरुष कॅमेरा घेऊन उभे राहिले की काय होईल? पदर डोक्यावर, बोलणं बंद, सगळ्याजणी फोटोला उभं राहिल्यासारख्या. मी एका दिंडीबरोबर सात मुक्काम केलेत, वेगळ्या कामासाठी. पहिले दोन दिवस मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. कांदे चिरले. तिसऱ्या पहाटे एक काकू सासूबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा हळूच सुरू केला. कुणी वळूनही बघितलं नाही.

चार दिवसांत सात माणसांना हे मिळणं अवघड आहे. ते लोक वाईट नसतात हो, त्यांच्याकडे वेळच नसतो. पहिल्या दिवशी येतात, दिवे घाट करून जातात, रिंगणाला परत येतात. तुमच्या आत्या त्या दोन्ही ठिकाणी नाहीतच, त्या ट्रकात पुढं गेलेल्या असतात.

कॅमेऱ्यावरच्या मुलीला एकच तांत्रिक प्रश्न विचारा: जनरेटरवरच्या दिव्यात कशी शूट करशील? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर हे पहिलं उत्तर. पण दिंडीचा जनरेटर नेहमी ५० वर राहत नाही, मग चित्रात काळे पट्टे फिरतात. 'आधी टेस्ट घेऊन बघेन, पट्टे आले तर माझा बॅटरीवरचा छोटा दिवा ताडपत्रीवर मारेन' असलं काही म्हणाली तर घ्या तिला.

मामेभावालाही सोडू नका. घरचा माणूस आहे, त्याला सामानाच्या ट्रकात बसवा. चार्जिंगचं बोर्ड शोधणं, पाऊस आला की प्लास्टिक धरणं, दिंडीप्रमुखांना गोड बोलणं, ही कामं कमी समजू नका.

कात्री

मी एडिटर. मला कुणी शूटच्या आधी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो.

फोर-के शूट सेकंदाला साधारण १०० मेगाबिटनं केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. रोज दोन तास धरले तरी १८ दिवसांत १,६०० जीबीच्या वर जातं. ते दोन वेगळ्या डिस्कवर हवं, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या पिशव्यांत. वारीत पाऊस असतो आणि पिशव्या एकाच ट्रकात असतात. रोज रात्री हे उतरवून घेणार कोण, त्या माणसाचं नाव विचारा. 'आम्ही सगळेच करतो' म्हणजे कुणीच करत नाही.

एडिटर आहे का, तेही विचारा. ३६ तासांतून २५ मिनिटं काढायची तर सगळं नुसतं बघून नोंदवायलाच आठवडा जातो. चमूतली कॅमेऱ्यावरचीच मुलगी एडिट करणार असेल तर मला भीती वाटते. स्वतः पहाटे उठून घेतलेला शॉट स्वतःला कापवत नाही.

लेखी करून घ्या. कायद्यानं बघितलं तर पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचे पहिले हक्क, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याचे असतात. पण कच्चं फुटेज कुणाकडे राहणार यावरून मी भांडणं बघितलीत, म्हणून कागदावर हवं. पैसे तीन हप्त्यांत: ठरलं की, शूट संपलं की, आणि फिल्म हातात आली की.

आणि पार्श्वसंगीताला बाजारातलं भजन उचलू नका. अभंग तुकोबांचा, त्याला हक्क नाही, पण गाणाऱ्याचं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. तुमच्या दिंडीत विणेकरी आहेत, मृदंग आहे. तेच वापरा.

सासवडकरीण

सगळ्यांचे आभार. रविवारी काय झालं ते सांगते.

तिघांनाही म्हटलं की आत्याच्या घरी एक दिवस या, अर्ध्या दिवसाचे पैसे देते. स्टुडिओचा मॅनेजर आला. स्वभावानं चांगला माणूस. त्यानं घर बघितलं, 'लोकेशन छान आहे' म्हणाला, दरपत्रक दिलं. माइकचं विचारल्यावर म्हणाला, 'तो साऊंडवाला बघेल'. कोण आहे साऊंडवाला? 'ठरायचाय अजून.'

चमूतल्या दोघी कराडपर्यंत एसटीनं आणि तिथून कुणाची तरी स्कूटर मागून आल्या. कॅमेऱ्यावरची थेट ओट्यापाशी बसली, कॅमेरा खाली ठेवून. आवाजवाली घरभर कान लावून हिंडली. मग आत्याला विचारून फ्रीज बंद केला आणि स्कूटरची किल्ली आत दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. आत्या बघतच राहिली. म्हणाली, 'अगं, किल्ली नासत नाही!' तेव्हा कळलं, फ्रीजची घरघर माइकमध्ये येते, आणि किल्लीच आत ठेवली की जाताना फ्रीज परत सुरू करायला विसरता येत नाही.

मी आवाजवालीला माइकचा तो प्रश्न विचारला. ती म्हणाली, 'आज दोन्ही करून बघू. एक माइक ब्लाउजच्या आत छातीवर चिकटवून आणि एक परातीच्या वर बूमवर. बांगड्या मला हव्यात, किती हव्यात ते ऐकून ठरवू.' मग भाकरी थापताना हेडफोन आत्याच्या कानावर ठेवला. आत्या थापता थापता थांबली, परत थापली, परत थांबली. म्हणाली, 'एवढा आवाज होतो व्हय माझा?'

काळ्या पट्ट्यांचं उत्तर चमूतल्या तिसऱ्या मुलानं फोनवर दिलं, बरंचसं तुम्ही लिहिलंत तसंच. फुटेज रोज रात्री तोच उतरवणार. एडिटर वेगळा घ्यायला ते तयार आहेत, त्यासाठी २५ हजार वाढवले. तरी ३ लाखांत बसतंय, डिस्कचे पैसे मी वेगळे घालते. माझा दादा अजून ड्रोनसाठी हळहळतोय, त्याला चतुरभाऊंचं वाचून दाखवलं. मामेभावाला ट्रक सांगितला तर तो खूश आहे.

दिंडीप्रमुखांनाही भेटून आलो. त्यांनी तिघांची नावं यादीत घातली, भिशी (दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी) भरायला लावली, आणि अट घातली की पंगतीत बसून जेवायचं आणि उष्टं टाकायचं नाही. आवाजवालीनं विचारलं, 'पंगतीत माइक चालेल का?' ते म्हणाले, 'आधी जेव.'

आता बूमवाले दादांना एकच विचारायचंय. माइकवर ती केसाळ टोपी घालतात ना, तिचं आवाजवाली म्हणते पावसात भिजली की आवाज बसतो आणि रात्रीतून वाळत नाही. दोन लागतील की तीन? आणि चुलीशेजारी वाळवली तर चालते का?

बूमवाला

तीन घ्या. चुलीशेजारी नको, केस जळतात, माझी एक गेलीय तशी. रात्री झोपताना पांघरुणात घेऊन झोपायचं, सकाळपर्यंत निम्मी तरी वाळते. आणि ताई, ती किल्लीवाली तुमचं काम संपलं की मोकळी आहे का, विचारून ठेवा.