जांभ्याच्या उतारावर जांभूळ जगत नाही

रानवाट: खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या खडकाळ उतारावर जूनमध्ये लावलेली जांभळाची रोपं मार्चपर्यंत वाळतात. दीड फुटाचा खड्डा कमी पडतो काय वो?

मलप्रभाकाठ: खड्डा सोडा, रोपाची पिशवी बघा की. तळाशी मुळं गुंडाळली असली की ती खडकाच्या फटीत शिरतच नाहीत. ताजं बी थेट फटीत दोन सेंटिमीटर खोल टोका. सुकवून ठेवाल तर पंधरवड्यात उगवण घटते.

सडापठार: उतारावरची झुडपी कारवी उपटू नका, दादा! तिच्या चढाकडच्या अंगाला पाचोळा अडकतो, बी तिथंच टोका. सात-आठ वर्षांनी ती फुलून मरते, मग रोपांना ऊन मिळतं. वणवा अडवायला जानेवारीतच गवत जाळून तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढा. उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, मात्र काहीच लावू नका, तिथली पावसाळी फुलं सावलीनं जातात.