अनुभव धागा: कथा-कादंबऱ्यांनी तुम्हाला काय दिलं, आणि कुठं चटका लावला?

गेल्या आठवड्यात एक जाडजूड कादंबरी संपवली. रात्रीचा एक वाजला होता. घर सोडून गेलेली थोरली बहीण शेवटपर्यंत परत येत नाही, आणि धाकटी दर पावसाळ्यात तिची खोली सारवून ठेवते. कुणाला तरी हलवून उठवावं आणि सांगावं, "अगं, ती आलीच नाही," असं फार वाटलं. सकाळी डबे, पाणी, दूधवाला. सांगायचं राहूनच गेलं.

लहानपणी वडिलांचं बोट धरून सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जायचे, तेव्हापासून हे वेड आहे. मे महिन्यात पारा 43 च्या घरात गेला की फरशीवर पाणी शिंपडायचं, पालथं पडायचं, पंख्यानं पान उडू नये म्हणून त्यावर स्टीलचा पेला ठेवायचा. त्या पेल्याच्या तळाची गोल ओली खूण माझ्या कितीतरी आवडत्या पानांवर आहे. पुस्तक बदलायला आलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते आपण सगळेच डोकावून बघतो, बोलत मात्र नाही. म्हणून इथं बोला. फक्त कथा-कादंबऱ्यांबद्दल.

*विडी घरकुल*

आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी. आई विड्या वळायची. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. तिला मराठी बोलता यायचं, वाचता नाही. मी सहावीत असल्यापासून भाड्यानं आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. त्यांनी हजाराहून जास्त लिहिल्या, त्यामुळे संपतील ही भीती नव्हती. शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुपं घेऊन आमच्याच ओट्यावर यायच्या. गोष्ट रंगात आली की कात्र्यांचा आवाज बंद. मग आई ओरडायची, "थांब रे, एवढा विड्यांचा कट्टा बांधू दे, मग सांग कुणी मारलं ते."

एकदा पुस्तकाची शेवटची आठ-दहा पानं फाटलेली निघाली. ओट्यावर चार बायका माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या. मी पुस्तक तसंच उघडं धरलं आणि शेवट मनानं रचून "वाचला". खुनी डॉक्टर. सगळ्यांना पटला. आईनं ती गोष्ट पुढं कितीजणींना सांगितली असेल!

नोकरी लागल्यावर रद्दीच्या दुकानात तेच पुस्तक पूर्ण मिळालं. खुनी भलताच होता. आईला सगळं खरं सांगितलं आणि छापलेला शेवट वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे चुकीचं छापलंय. डॉक्टरच होता तो." आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी अजून वाचतो, पण मनातल्या मनात. तेवढं सुख त्यात नाही.

*जुळे सोलापूर*

वरचं वाचून डोळे भरले, दादा. माझा अनुभव छोटा आहे. सतराव्या वर्षी महाभारतावरची एक गाजलेली कादंबरी वाचून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. बावन्नाव्या वर्षी तीच प्रत पुन्हा हातात घेतली. समासात माझंच अक्षर, निळ्या शाईत, "किती खरं!" त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले, पण आत काही हललं नाही. नायकाची बायको अख्ख्या पुस्तकात स्वतःचं असं काहीच बोलत नाही, हे मात्र पहिल्यांदा दिसलं. पुस्तक तेच आहे. त्या मुलीची मला आठवण येते.

*सांगोला*

आमचा तालुका माणदेशातला. शाळेच्या पुस्तकातली मराठी आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे आपली भाषा अशुद्ध, असंच वाटायचं. मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हाती आली, 1955 सालची. मेंढरं, दुष्काळ, पोरं गोळा करणारा तरुण मास्तर. माझ्या आज्ज्याचे शब्द छापलेले बघून मी ते पान घरी नेऊन त्यालाच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ह्यात काय, हे तर आपलंच हाय." त्याला ते विशेष वाटलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून वर्गात बोलायची भीती वाटली नाही.

*रेल्वे लाईन्स परिसर*

नोकरीमुळे महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातो. चार तासांत एक छोटी कादंबरी होते. कुर्डुवाडी कळते, भिगवणजवळचं उजनीचं पाणी कधी गेलं ते कळत नाही.

*गिरणगावातला*

माझी हळहळ वेगळी आहे. आजोबा गिरणीत होते, भोंग्यावर घर उठायचं. याच सोलापुरात मे 1930 मध्ये काही दिवस इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, मग मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. हे सगळं इतिहासात वाचलंय. पण त्या दिवसांत साच्यावर उभा असलेला एखादा साधा माणूस, त्याच्या घरातली चूल, त्याची बायको रात्री दाराकडे कान लावून बसलेली, असं मला कादंबरीतच भेटू शकतं. तशी कादंबरी माझ्या हाताला अजून लागलेली नाही. कुणी लिहीत असेल तर लवकर लिहा, मी पहिली प्रत घेईन.

*बाळे*

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात एकदाच बसून उरलेल्या पैशांतून मी कथासंग्रह आणला होता. मित्र म्हणाला, "काय बे, यात्रेत येऊन पण वाचलालास?" पुढं तोच ते पुस्तक घेऊन गेला. वीस वर्षं झाली. दुसरी प्रत बाजारात मिळते, पण तिच्यात पाळण्याचं ते जपून ठेवलेलं तिकीट नाही.

*सिद्धेश्वर पेठ*

ताई, धागा तुमचा म्हणून तुम्हालाच लिहितो. वय 74, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, तरी रोज तीस पानं होतात. तुम्ही सांगितलेली ती दोघी बहिणींची कादंबरी मीही वाचली आहे, आणि मलाही कुणाशी बोलता आलं नव्हतं. थोरली परत आली नाही हे खरं. पण मधल्या भागात पोस्टमन एक पत्र चुकून दुसऱ्या घरी टाकतो, त्यावरचा शिक्का कुठल्या गावचा आहे तेवढं परत बघा.

*धागाकर्ती*

काका, कणीक तशीच ठेवून आत्ता कपाटातून पुस्तक काढलं. शिक्का बघितला. म्हणजे ती शेजारच्या गावापर्यंत आली होती! शनिवारी संध्याकाळी पाचला पुस्तक बदलायला जाणार आहे. तुम्ही याल का? दारातच उभी राहते, पुस्तक हातात धरून.