रात्री एकटीने चालताना देहबोली खरंच उपयोगी पडते का?

रानजाई:
भाची पुढच्या महिन्यापासून पुण्यात सेकंड शिफ्टला रुजू होतेय. रात्री साडेदहाला कंपनीची बस सोडते, तिथून खोलीपर्यंत बारा मिनिटं पायी. दिवे आहेत, पण फुटपाथ सलग नाही आणि तोवर बरीचशी दुकानं मिटलेली असतात. "आत्मविश्वासाने चाल" असं तिला सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं? आणि याला काही आधार आहे का?

पाऊलवाट:
ताई, आधार आहे, पण मर्यादित. १९८१ साली बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ६० लोकांचं त्यांच्या नकळत चित्रीकरण करून ते हल्ल्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना दाखवलं आणि यातलं कोण सोपं सावज वाटतं ते विचारलं. कैद्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं, आणि फरक सापडला तो चालण्यात. सोप्या वाटलेल्यांची ढांग अंगाच्या मानाने फार लांब नाहीतर फार तोकडी होती. पाऊल सहज पुढे पडण्याऐवजी उचलून ठेवल्यासारखं पडत होतं. हात-पाय धडापासून सुटे हलत होते. अर्थात हे चित्रफीत बघून दिलेलं मत आहे, प्रत्यक्ष हल्ले त्यात मोजलेले नाहीत. संधी शोधणारा अनोळखी माणूस कुणाला हेरतो, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

भाचीला ऑफिसची बॅग आणि रोजचीच पादत्राणं घालून वीस पावलं चालायला सांगा आणि मागून, मग बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येतो का? टाच आधी टेकते का? बहुतेक दोष चप्पल आणि बॅगेतून येतात. सैल चप्पल पायातून सुटू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि पाय घासत चालतो. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घातले की हे थांबतं. लॅपटॉपची सॅक कमरेखाली लोंबली की तोल सावरायला मान पुढे जाते. पट्टे आवळून सॅक पाठीला चिकटवा. घट्ट कुर्त्याने ढांग अडत असेल तर त्या वेळेपुरता मोकळा घालावा.

मुद्दाम छाती काढून, मुठी वळून चालू नये. ते नाटकी दिसतं, आणि खांदे आखडले की हात हलेनासे होतात. भीती वाटली की पावलं आपोआप तोकडी आणि भराभर पडतात. त्यावर उपाय श्वासाचा: चार-पाच पावलांत सावकाश श्वास सोडायचा, की खांदे खाली येतात.

नजर पंधरा-वीस पावलं पुढे, समोर. कुणी रोखून पाहिलं तर क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि नजर आडवी दुसरीकडे न्यायची, खाली नाही. टक लावून बघत राहिलं तर दारू प्यायलेल्या माणसाला ते आव्हान वाटतं.

चौकटराजा:
वरच्यात रस्त्याची भर घालतो. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चालायचं, म्हणजे जवळची वाहनं समोरून येतात. सोनसाखळी किंवा मोबाइल ओढणारे दुचाकीवर मागून येतात, ते असे दिसतात तरी. बॅग भिंतीकडच्या, म्हणजे उजव्या खांद्यावर. गळ्यात आडवी अडकवलेली पर्स ओढणं अवघड असतं हे खरं, पण ओढलीच तर माणूस फरफटतो. ओढ बसली की सोडून द्यायचं, कितीही जीव अडकलेला असला तरी. शस्त्र दिसलं तर तेव्हाही हेच.

दुचाकीवाल्याने पत्ता विचारला तर जवळ जाऊन वाकायचं नाही. दोन हात अंतर ठेवून, चालता चालता "माहीत नाही" म्हणायचं. इयरफोन दोन्ही कानांतून काढलेले. किल्ली कोपऱ्यावरच हातात घ्यायची. दारात उभं राहून पर्स चाचपताना लक्ष पूर्ण उडतं.

रानजाई:
दोघांचेही आभार, व्हिडिओ उद्याच घेतो आम्ही. कुणी खरंच मागे येतंय असं वाटलं तर?

पाऊलवाट:
रस्ता ओलांडायचा. तोही आला तर थोडं पुढे जाऊन परत ओलांडायचा. दोन्ही वेळा आला की योगायोग समजू नका. अशा वेळी खोलीवर मुळीच जायचं नाही, राहण्याचं ठिकाण कळतं. मेडिकल, पेट्रोल पंप, हॉस्पिटलचं गेट, जिथे माणसं आहेत तिथे वळायचं आणि ११२ लावायचा. यातलं काय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते आधीच बघून ठेवा.

अंतर चार-पाच पावलांवर आलं तर वळून त्याच्याकडे तोंड करायचं. एक पाय थोडा मागे, तळवे उघडे, छातीच्या उंचीवर. पोटातून आवाज काढून: "मागे व्हा! मी तुम्हाला ओळखत नाही!" इथे "तुम्ही"च म्हणायचं. "तू" ऐकलं की लोकांना घरचं भांडण वाटतं आणि ते मध्ये पडत नाहीत. मदतही एकाला नेमून मागायची: "निळ्या शर्टवाले दादा, इकडे या, पोलिसांना फोन लावा." नुसतं "वाचवा" म्हटलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. हे सगळं घरात मोठ्याने म्हणून सराव करावा, कारण घाबरल्यावर पहिल्यांदाच ओरडायला गेलं की आवाज घशात अडकतो.

उंबरठा:
भाचीला एक गोष्ट नक्की सांगा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तिथे चालण्या-बघण्याचा काही उपयोग नाही. आणि रस्त्यावर काही घडलंच, तर "तू नीट चालली नसशील" असं घरात कुणीही म्हणता कामा नये. तसं म्हटलं की मुली पुढचं सांगायच्या थांबतात. कंपनीकडे बस खोलीच्या दारापर्यंत आणण्याची लेखी मागणी मात्र आजच करा. तिच्याबरोबर त्याच भागात उतरणाऱ्या मुलींनी मिळून अर्ज दिला तर जास्त बरं.