मदत हवी आहे : सिसिंगहर्स्ट आणि ग्रेट डिक्स्टर या बागा कोणत्या महिन्यात पाहाव्यात?

नमस्कार. पुढील वर्षी आई आणि मी केवळ बागा पाहण्यासाठी इंग्लंडला जाणार आहोत. अडले आहे ते महिना ठरवण्यापाशी. केंट परगण्यातील सिसिंगहर्स्ट येथे लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरॉल्ड निकल्सन यांनी १९३० साली घेतलेल्या पडक्या वास्तूभोवती बाग उभी केली, आणि तेथील पांढऱ्या फुलांच्या भागात मधल्या मांडवावर चढलेला गुलाब जूनअखेरीपासून जुलैच्या आरंभापर्यंत बहरतो. जवळच्याच ग्रेट डिक्स्टरमध्ये मात्र त्या बागेचे मालक आणि उद्यानलेखक ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९०च्या दशकात जुनी गुलाबबाग काढून केळी, कर्दळ आणि डेलिया लावले, आणि तो भाग तेथील उन्हाळा सरताना भरात येतो. (कर्दळ पाहायला एवढ्या लांब कशाला, असे आईचे म्हणणे, मला ती थंड हवेत कशी राखतात, तेच पाहायचे आहे.) दोन्हींना न्याय देणारा एखादा आठवडा सुचवाल का? आम्ही गाडी चालवणार नाही, त्यामुळे लंडनहून रेल्वेने सिसिंगहर्स्टजवळचे स्टेपलहर्स्ट स्थानक गाठून पुढे टॅक्सीने एका दिवसात दोन्ही बागा निवांत पाहून होतील, की ग्रेट डिक्स्टरजवळच्या राय गावी मुक्काम करणे सोयीचे ठरेल? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा पायऱ्या आणि चालणे कितपत आहे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.