काळा घोडा आमच्या बागेतच राहू दे

भायखळाकर
कालपासून एक पोस्ट तीन ग्रुपांवर फिरून माझ्यापर्यंत आली. 'राणीच्या बागेतला इंग्रज युवराजाचा पुतळा वितळवून टाका, गुलामगिरीची खूण कशाला जपता?' आणि खाली त्याच माणसाने लिहिलंय, 'नाहीतर निदान घासून सोन्यासारखा चकचकीत करा आणि फोर्टात जुन्या जागी उभा करा.' वितळवायचा की मिरवायचा, ते आधी ठरव बाबा.

आमच्याकडे त्या पुतळ्याला एडवर्ड कुणी म्हटलंच नाही. तो घोडा. वर कोण बसलाय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. माझे वडील गिरणीत होते. रविवारी लालबागहून आम्हा तिघा भावंडांना चालत बागेत आणायचे आणि फाटकातच दम द्यायचे, 'चुकलात तर घोड्यापाशी येऊन उभं राहायचं, हलायचं नाही.' सहा वर्षांचा असताना मी खरंच चुकलो. अर्धा तास त्या घोड्याच्या पोटाकडे बघत रडत उभा होतो. वडील आले, आधी एक ठेवून दिली, मग भेळ घेऊन दिली. त्या घोड्याला हात लावायचा नाही. विषय संपला.

फोर्टवाला
विषय संपला म्हणे! अहो, चौकाचं नाव काळा घोडा, महोत्सवाचं नाव काळा घोडा आणि घोडा कुठे, तर भायखळ्यात. १८७९ ते १९६५, शहाऐंशी वर्षं तो तिथे उभा होता. व्यापारी अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला, बोहमसारख्या शिल्पकाराने घडवलेला. ससूनच्या वडिलांच्या नावाची लायब्ररी आजही तिथे समोर आहे. तुम्ही हरवलात म्हणून शहराने आपला पुतळा हरवायचा?

भायखळाकर
तुम्हाला २०१७ साली नवा घोडा मिळाला की. बिनस्वाराचा, कुणाच्या भावना न दुखावणारा. सेल्फी काढा त्याच्यासोबत.

फोर्टवाला
तो घोडा चांगला आहे, पण तो 'तो' घोडा नाही. खानावळीत आईच्या हातचं मागितल्यावर 'चव तीच आहे' म्हणतात, तसं झालं हे.

गिरणगावकर
मूळ पोस्ट मी लिहिलेली नाही, पण तिची बाजू मी घेतो. ससूनने पुतळा दिला म्हणून गहिवरून येणाऱ्यांनी त्या घराण्याचा पैसा कुठून आला तेही सांगावं. कापूस होता, तशी अफूही होती. चीनला जाणारी. युवराज १८७५-७६ मध्ये इथे फिरून गेला, त्याची आठवण म्हणून आपण पुतळा बघायचा? माझ्या आजोबांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्ल्या. त्यांचा पुतळा कुठे आहे?

भायखळाकर
आजोबांना नमस्कार. पण त्याच ससूनच्या धक्क्यावरचा बोंबील तुम्ही खाता. धक्का पण बुजवायचा का?

गिरणगावकर
धक्का कामाला येतो. घोडा काय कामाचा?

भायखळाकर
हरवलेली पोरं सापडतात.

लालबागची मावशी
तुमचं भांडण चालू द्या, मला एवढंच म्हणायचंय की ठेवताय तर स्वच्छ ठेवा. काळाकुट्ट झालाय नुसता. चिंच-मीठ लावून एकदा घासला तर लखलखेल. चिंच परवडत नसेल तर पितांबरी आहे. आमच्या सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ सत्तर वर्षांचं आहे, आजही तोंड दिसतं त्यात.

भट्टीवाला
मावशी, हात जोडतो, हे कुणाला सांगू नका. कुणीतरी खरंच करेल.

मी बावीस वर्षं ओतकामात काढली. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. हवेने त्यावर जो काळा-तपकिरी किंवा हिरवट थर चढतो ती घाण नव्हे, तेच त्याचं कातडं. तो थर खालच्या धातूला सांभाळतो. तुम्ही घासला की उघडा पडलेला धातू पुन्हा झिजायला लागतो आणि दर घासणीला नाक-डोळे बोथट होत जातात. आणि मीठ? मिठातलं क्लोराइड तर ब्राँझचा वैरी. मुंबईच्या खाऱ्या हवेत ते आधीच आहे. एकदा आत शिरलं की फिकट हिरवी पूड सुटते, बोटाने उडते, खाली खड्डा. असा पुतळा साध्या पाण्याने धुवायचा, सुकवायचा आणि मेणाचा हात द्यायचा. बस्स.

लालबागची मावशी
सत्तर वर्षं आम्ही चिंच-मीठच लावतोय. खड्डा पडला नाही.

भट्टीवाला
घासून झाल्यावर तुम्ही ते खळखळून धुता. पुतळ्याच्या घड्यांत मीठ अडकून बसतं. आणि घंगाळ किती वेळा दुरुस्त केलंय?

लालबागची मावशी
तळाला दोनदा डाक दिलाय. पण तो चुलीमुळे, चिंचेमुळे नव्हे.

भट्टीवाला
असं का. बरं.

लालबागची मावशी
'बरं' काय? शिकलेली माणसं आली की आमची भांडीसुद्धा चुकीची. घासायचं आम्ही, कातडं तुमचं!

फोर्टवाला
विषय भांड्यांवर का गेला?

भट्टीवाला
गेला तर गेला. तुम्ही सगळे पुतळा कुठे ठेवायचा यावर भांडताय, पण पुतळे मरतात ते हलवल्याने कमी आणि रंगवल्याने जास्त. एका गावात आम्हाला अर्धपुतळा दुरुस्तीला आला होता. दर जयंतीच्या आदल्या रात्री कुणीतरी भक्तिभावाने सोनेरी ऑइलपेंट मारायचं. सहा थर निघाले. मिशीचे ओतलेले केस बुजून गुळगुळीत पट्टी झाली होती, आणि पापणी व डोळा यांच्यात फट म्हणून उरली नव्हती. आम्ही तीन दिवस बांबूच्या काड्यांनी तो एक डोळा उघडत होतो. उघडल्यावर कळलं की मूर्तिकाराने बुबुळात बारीक खाच ठेवली होती, नजर तिच्यामुळे यायची. गाववाले आले आणि म्हणाले, 'काळा का केला?'

गिरणगावकर
पुढे काय केलं त्यांनी?

भट्टीवाला
पुढच्या जयंतीला सोनेरी केला.

गिरणगावकर
हे वाचून वाईट वाटलं. ठीक आहे, वितळवू नका. पण खाली पाटी लावा: कोणी दिला, कोणत्या पैशातून दिला, का हलवला. मराठीत, ठळक. तोवर मी 'राहू दे' म्हणणार नाही, 'असू दे' म्हणेन.

भायखळाकर
पाटीला माझी ना नाही. वाचायला लोक आत आले पाहिजेत ना पण! पाच रुपयांचं तिकीट २०१७ मध्ये पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभर. कारण काय, तर बागेत आणलेले पेंग्विन. वडिलांनी तिघांना दर रविवारी आणलं असतं का या दरात?

फोर्टवाला
झालं, आता पेंग्विन. फोर्टात घोडा फुकट दिसायचा, एवढंच नोंदवून ठेवतो.

लालबागची मावशी
हे मात्र खरं बोललात.

भायखळाकर
मावशी, तुम्ही पण?

फोर्टवाला
तरी एक कबूल करतो. रस्त्यावर गाड्यांच्या धुरात उभा राहण्यापेक्षा तो झाडांखाली बरा असेल. 'असेल' म्हटलंय, 'आहे' म्हटलेलं नाही. एकदा सगळे मिळून बघूनच येऊ. भट्टीवाले समजावून सांगतील, मावशी चिंच घरी ठेवून येतील. गर्दी नको, बुधवारी जाऊ, मी नेहमी बुधवारीच जातो.

भायखळाकर
बुधवारी बाग बंद असते.